‘नैसर्गिक’ की ‘केमिकल’? स्पंज काय सांगतो

पाटी पुसायच्या ओल्या स्पंजाची डबी पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. तो स्पंज कारखान्यात केलेला असे. ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळाले, तो खरा स्पंज मात्र समुद्रात राहणारा प्राणी आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला रंध्रीय प्राणी म्हणतात. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत, मेंदू नाही. खडकाला चिकटून तो सारा जन्म काढतो. अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत घेतो, त्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो आणि पाणी बाहेर सोडतो.

शत्रू आला तर याला पळता येत नाही आणि चावताही येत नाही. मग तो जगतो कसा? अनेक जातींच्या स्पंजांच्या अंगात अशी रसायने असतात की मासे तोंड लावत नाहीत आणि शेजारचा जीव त्यांच्यावर पसरत नाही. थोडक्यात, स्पंजाचे शस्त्र म्हणजे विष. आणि विष म्हटले की रसायनशास्त्रज्ञाचे कान टवकारतात, कारण थोड्या मात्रेत आणि योग्य जागी वापरलेले विष औषध ठरू शकते.

हा विषय आज घेण्याचे कारण समुद्रात नाही, आमच्या दवाखान्यात आहे. “डॉक्टर, केमिकल नको, काहीतरी नैसर्गिक द्या,” हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. खोकल्यापुरते ते ठीक आहे. पण कर्करोगाचा रुग्ण जेव्हा हे म्हणतो, तेव्हा मला काळजी वाटते. नैसर्गिक आणि केमिकल अशा दोन जाती मुळात आहेत का, हे स्पंजाच्या गोष्टीवरून नीट कळते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात वेर्नर बर्गमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून आणलेल्या एका स्पंजातून त्यांनी आणि रॉबर्ट फीनी यांनी एक वेगळाच पदार्थ वेगळा केला आणि १९५० मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्या पेशींत डीएनए असतो, तो ज्या घटकांनी बनतो तसाच हा घटक होता. फक्त त्यातली साखर निराळी होती. आटे थोडे वेगळे असलेला नट जसा बोल्टवर चढतो आणि मध्येच अडकतो, तसे हे आहे. वेगाने वाढणारी पेशी असा घटक आपला समजून घेते आणि तिचे डीएनए बनवण्याचे काम तिथेच थांबते.

हाच धागा पकडून पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध तयार झाले. १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत, विशेषतः ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. एक गोष्ट लक्षात घ्या. हे औषध स्पंज पिळून काढलेले नाही. नमुना स्पंजाने दिला आणि औषध माणसाने घडवले.

दुसरी गोष्ट जपानची. १९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा या शास्त्रज्ञांनी तिथल्या किनाऱ्यावरील हॅलिकॉन्ड्रिया ओकादाइ या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचा पदार्थ मिळवला. कर्करोगाच्या पेशींवर तो फार प्रभावी दिसला. पण त्यासाठी स्पंज लागला सुमारे ६०० किलो आणि हाती पदार्थ आला १२.५ मिलिग्रॅम! औषधाच्या एका लहानशा गोळीचे वजनही याहून जास्त भरते. या हिशेबाने रुग्णांना औषध पुरवायचे म्हटले, तर समुद्रातले स्पंज संपले असते आणि औषध तरीही अपुरे पडले असते.

मार्ग काढला तो रसायनशास्त्रज्ञ योशितो किशी यांनी. ते नागोयाला हिराता यांच्याच हाताखाली शिकलेले, पुढे हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने हा अवघड रेणू प्रयोगशाळेत संपूर्ण तयार करून दाखवला. त्याच कामातून पुढे लक्षात आले की रेणूचा साधारण अर्धा भागच कर्करोगाच्या पेशीला रोखायला पुरेसा आहे. त्या अर्ध्या भागावरून आयसाय या जपानी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एरिब्युलिन बनवले. पेशी दुभंगताना तिच्या आत दोऱ्यांसारख्या सूक्ष्म नलिका वाढतात. एरिब्युलिन त्यांची वाढ रोखते, त्यामुळे पेशीला दुभंगता येत नाही. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. स्पंजातला पदार्थ मिळाल्यापासून तोवर २४ वर्षे लोटली होती.

आता सांगा, एरिब्युलिन नैसर्गिक की केमिकल? त्याची कल्पना निसर्गाची, घडण कारखान्यातली. शरीराला मात्र हा प्रश्न पडत नाही. रेणू कुठून आला हे पेशी विचारत नाही. तो किती आला आणि त्याने काय केले, एवढेच तिला कळते. धोतरा नैसर्गिकच आहे, कण्हेरही नैसर्गिक आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टीन हे कर्करोगावरचे औषध मिळते. म्हणून कोणी सदाफुलीची पाने चघळून रक्ताचा कर्करोग बरा करायला जाऊ नये. पानात औषध किती, सोबत आणखी काय काय आणि पोटात जाऊन त्याचे काय होते, याचा हिशेब पानावर लिहिलेला नसतो.

एरिब्युलिनने किती फायदा झाला, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना आधीच अनेक औषधे देऊन झाली होती आणि आजार पसरला होता, अशा ७६२ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टरांनी निवडलेले इतर उपचार घेणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १०.६ महिने होते, तर एरिब्युलिन घेणाऱ्या गटाचे १३.१ महिने. म्हणजे फरक अडीच महिन्यांचा.

“एवढ्या खटाटोपाचे फळ अडीच महिने?” असे कोणीही म्हणेल. माझे मत वेगळे आहे. ज्या आईच्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आहे, तिला हे अडीच महिने विचारून पाहा. शिवाय हा आकडा खरा आहे. तो मोजलेला आहे, त्याच्यासोबत पांढऱ्या पेशी कमी होणे, हातापायांना मुंग्या येणे असे तोटेही लिहून ठेवलेले आहेत. कमी सांगणारा पण खरे सांगणारा माणूस आपण व्यवहारात जवळ करतो. औषधाच्या बाबतीतच उलटे का वागतो?

दोन-तीन वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. स्तनात लिंबाएवढी गाठ होती, दुखत नव्हती. मी त्यांना तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे कर्करोगाचे निदान झाले आणि उपचार ठरला. इतक्यात कोणीतरी सांगितले की केमोथेरपीने माणूस खंगतो, आमची समुद्री वनस्पतींची पावडर घ्या, शंभर टक्के गुण. सहा महिने ती पावडर चालली. पुन्हा आल्या तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती आणि आजार हाडांत उतरला होता. त्या पावडरीच्या डब्यावर घटकांची नावे नव्हती, वजन नव्हते, कोणा रुग्णावरच्या चाचणीचा उल्लेख नव्हता. मोठ्या अक्षरांत ‘नैसर्गिक’ हा शब्द मात्र होता.

पावडर विकणाऱ्यांवर कारवाई व्हावी हे खरेच. पण तोवर आपण सावध राहिले पाहिजे. असे कोणतेही औषध हाती आले, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, तर चार प्रश्न विचारा. यात नेमके काय आहे? किती आहे? किती रुग्णांना दिले आणि न दिलेल्यांच्या तुलनेत काय झाले? तोटे कोणते? शेवटच्या प्रश्नाला “काहीच नाही” असे उत्तर आले, तर तिथून उठा.

वृत्तपत्रात अधूनमधून ‘समुद्रात सापडले कॅन्सरवर औषध’ असा मथळा येतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही समुद्री जीवांमधील रसायनांवर काम झाले आहे आणि ते आपल्या अभिमानाचे आहे. पण काचेच्या बशीत पेशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत वर्षानुवर्षांची वाट असते. बहुतेक पदार्थ त्या वाटेवरच गळतात. मथळा वाचून चालू उपचार सोडू नका.

केमोथेरपी सुरू असलेल्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. आणि सोबत काढा, चूर्ण, पावडर काहीही घेत असाल तर डॉक्टरांना न लपवता सांगावे. ओरडा बसेल म्हणून लपवण्यात नुकसान तुमचेच आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा तिच्यात समावेश आहे.

आणि स्तनात गाठ लागली, दुखत नसली तरी, या आठवड्यातच दाखवा. एरिब्युलिनची गरजच पडू नये, इतक्या लवकर उपचार सुरू होणे हे सर्वांत चांगले.