विश्लेषण : ओव्हरक्लॉकिंग करताना स्क्रीनवरचा व्होल्टेजचा आकडा किती खरा?

डेस्कटॉपचा प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा तर बहुतेक वेळा त्याला थोडे जास्त व्होल्टेज द्यावे लागते. बायोसमध्ये १.३५ टाकले जाते. विंडोज सुरू झाल्यावर सीपीयू-झेड १.३० दाखवते, तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये एका ओळीत १.४२ आणि दुसऱ्या ओळीत १.२४ दिसते. यातला कोणता आकडा धरायचा? चुकीचा धरला तर हजारो रुपयांची चिप हळूहळू खराब होते, आणि ते लगेच लक्षातही येत नाही.

व्हीआयडी आणि व्हीकोअर यांत फरक काय?

व्हीआयडी ही प्रोसेसरची मागणी आहे. ‘या वेगासाठी मला इतके व्होल्टेज द्या’ असे तो मदरबोर्डला सांगतो, तो हा आकडा. प्रत्यक्षात किती मिळाले, हे त्यातून कळत नाही. बायोसमध्ये व्होल्टेज हाताने ठरवून दिले असेल, तर व्हीआयडीचा पुरवठ्याशी फारसा संबंधही उरत नाही.

व्हीकोअर म्हणजे मदरबोर्डवरील सेन्सरने मोजलेले व्होल्टेज. पण कुठे मोजलेले? काही बोर्ड ते सॉकेटजवळ मोजतात, काही थेट चिपच्या आतल्या बिंदूवर. मधल्या वाटेत थोडे व्होल्टेज खर्च होत असल्याने पहिल्या प्रकारचा बोर्ड भाराखाली खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. म्हणूनच ‘माझ्याकडे १.३० वर चालते’ हा मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलणे धोक्याचे. त्याचे १.३० आणि तुमचे १.३० एक नसू शकते.

भार आला की व्होल्टेज का पडते?

हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. समजा, लोडलाइन १.१ मिलीओहम आहे आणि प्रोसेसर १५० अँपिअर खेचतो आहे. गुणाकार केला तर ०.१६५ व्होल्टची घट येते. म्हणजे १.४० दिलेले असताना भाराखाली सुमारे १.२३५ उरते.

ही घट भरून काढण्यासाठी बायोसमध्ये लोडलाइन कॅलिब्रेशन असते. अनेक जण ते सर्वात वरच्या पातळीवर ठेवतात, कारण मग आकडा सरळ रेषेत दिसतो आणि बरे वाटते. पण भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळते. ही उसळी मायक्रोसेकंदांची असते आणि सॉफ्टवेअर साधारण सेकंद-दोन सेकंदांनी एकदा नोंद घेते. ती दिसते फक्त ऑसिलोस्कोपवर. मधली पातळी ठेवून थोडी घट सोसणे जास्त शहाणपणाचे.

मग जास्त आकडा म्हणजे धोकाच का?

तसेही नाही. रायझन ३००० मालिकेचे प्रोसेसर हलक्या कामात १.४ ते १.५ व्होल्ट दाखवतात. एखादाच कोअर वेगाने पळत असतो आणि प्रवाह कमी असतो. तेच १.४५ व्होल्ट सगळ्या कोअरना पूर्ण भारावर हाताने दिले, तर गोष्ट वेगळी. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून १.२५ वरून १.३५ वर गेले, तरी ती सुमारे १७ टक्के वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, हा फरक कूलरला झेपतोच असे नाही.

इंटेलच्या प्रकरणाने काय दाखवले?

१३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये संगणक वारंवार बंद पडत होते. मायक्रोकोडमधील चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्टच्या अपडेटने ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र आधीच खराब झालेली चिप अपडेटने दुरुस्त होत नाही. यातल्या अनेकांनी ओव्हरक्लॉकिंग केलेलेही नव्हते.

एएमडीच्या बाबतीत २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी जळण्याचे प्रकार घडले, तेव्हा कात्री लागली ती एसओसी व्होल्टेजला, १.३ व्होल्टची. केवळ व्हीकोअरकडे पाहत बसलेल्याला ते दिसलेच नसते.

वापरकर्त्याने काय करावे?

आधी बायोस अद्ययावत करावा. नंतर भार देणारी चाचणी किमान अर्धा तास चालवून त्या काळातले व्हीकोअर, तापमान आणि वॅट एकत्र वाचावेत; रिकाम्या बसलेल्या संगणकाचा आकडा बाजूला ठेवावा. बोर्ड कुठे मोजतो, हे मॅन्युअलमध्ये शोधावे लागते आणि पुष्कळदा तिथेही सापडत नाही. बोर्डावर किती रंगांचे दिवे लागतात, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या कंपन्यांना सेन्सरची जागा बायोसमध्ये एका ओळीत लिहिणे अवघड नसावे.