बॅटरीचा दोष की डायनॅमोचा?

आमच्या भाईजानांचा एक जुना डिझेल ट्रक आहे. छोटा, सहा चाकांचा, बारा व्होल्टचा. संध्याकाळी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि माळशेज घाट उतरून पहाटेच्या आत कल्याण गाठायचे, हे त्याचे हंगामातले काम. गेल्या हंगामात त्याची बॅटरी वरचेवर उतरू लागली. आळ आला क्लीनर पोरावर. रात्री केबिनमध्ये झोपताना दिवा आणि टेप चालू ठेवतो, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. पोराने कसम खाऊन नाही म्हटले, पण कुणी ऐकले नाही. नवी बॅटरी आली आणि तिचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे ठरले.

चौथ्या रात्री नवी बॅटरीही उतरली, तीही घाटात. हेडलाइट पिवळे पडत गेले आणि वळणावर समोरचा कठडा दिसेनासा झाला. इंजिन मात्र चालूच होते. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनला पेट्रोल गाडीसारखी ठिणगी लागत नाही, म्हणून चार्जिंग बंद पडले तरी ते धावत राहते आणि चालकाला वेळेवर कळत नाही. अल्लाहच्या कृपेने भाईजानांनी गाडी कडेला लावली आणि उजाडेपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आम्हीही वायरमन उस्तादांकडे गेलो. त्यांनी काही खोलले नाही. आधी बॅटरी बाहेरून चार्ज केली, कारण उतरलेल्या बॅटरीवर केलेली तपासणी खरी नसते. इंजिन बंद असताना मीटरने 12.6 व्होल्ट दाखवले, म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन सुरू केल्यावर हा आकडा साधारण 13.8 ते 14.4 वर जायला हवा. तो 12.4 वर राहिला आणि हेडलाइट लावताच आणखी उतरू लागला.

“मग डायनॅमो बदला,” भाईजान म्हणाले. अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात.

“थांबा भाई, पट्टा आणि वायर राहिली,” उस्ताद म्हणाले.

पट्टा घसरत नव्हता. मग त्यांनी मीटर थेट अल्टरनेटरच्या जाड वायरच्या टोकाला लावला. तिथे व्होल्ट पुरेसे आणि बॅटरीवर कमी, असे असते तर दोष मधल्या वायरचा किंवा गंजलेल्या जोडाचा. इथे दोन्हीकडे आकडा कमीच होता. शेवटी त्यांनी इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागलाच नाही. बल्ब काढून पाहिला, तो चांगला होता. भाईजान इतके दिवस समजत होते की लाल दिवा लागत नाही म्हणजे सगळे ठीक आहे. खरे तर चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे.

अल्टरनेटर उतरवून उघडल्यावर आतले कार्बन ब्रश झिजून गेलेले दिसले. कधी टेकत, कधी सुटत. या गाडीत ब्रेकला व्हॅक्यूम देणारा पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला आहे. त्याचे ऑइल आत झिरपले होते, बेअरिंगही वाजत होते. म्हणून नुसते ब्रश न बदलता दुसरा अल्टरनेटर बसवायचे ठरले.

उतरवण्याआधी उस्तादांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली होती आणि बाकीच्या वायरींचा मोबाइलवर फोटो घेतला होता. नवा अल्टरनेटर जुन्याशेजारी ठेवून पुली, बोल्टची भोके आणि अँपिअर जुळवून पाहिले. बसवल्यावर पट्टा अंगठ्याने साधारण एक सेंटिमीटर दबेल इतका ताणला. ऑइलच्या आणि व्हॅक्यूमच्या नळ्या घट्ट केल्या आणि निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडली. आता मीटरवर 14.1 आले, हेडलाइट लावून 13.9. ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय त्यांनी गाडी रस्त्यावर जाऊ दिली नाही. एक ताकीदही दिली: चार्जिंग पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर कधी काढू नका, चांगला अल्टरनेटरही त्याने जळतो.

हे सगळे चालू असताना तो पोरगा मागे पाने हातात घेऊन उभा होता. तो कधीकाळी आमच्याच वर्गात बसायचा, म्हणून त्याच्याकडे पाहणे आम्हाला जड गेले. आळ आला तेव्हा आम्हीही गप्पच होतो. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तिची खातरजमा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान होते आणि मागाहून पस्तावा येतो. ही आयत आम्ही कितीदा समजावून सांगितली असेल! पण मीटर लावायला जी दहा मिनिटे लागली, ती आम्ही त्या पोराच्या शब्दाला दिली नव्हती.

भाईजानांनी कापलेले पैसे तिथेच त्याच्या हातावर ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “बेटा, चूक माझी होती, माफ कर.” पोरगा काही बोलला नाही. पैसे खिशात घालून तो बोनेट लावायला गेला.

आता भाईजान दर जुम्याला गाडी धुताना मीटर लावतात आणि आकडा वहीत लिहितात. मीटर धरतो तोच पोरगा. ज्यांच्या घरची माणसे रात्री रस्त्यावर असतात, त्यांनी एवढी सवय जरूर लावून घ्यावी. अल्लाह सर्वांना सुखरूप घरी आणो. आमीन.