एक खुर्ची भरली, झालं!

मी पुण्यात कोड लिहिते. गेल्या वर्षी माझ्याकडे कंपन्यांचा ‘बीआरएसआर’ अहवाल भरायच्या सॉफ्टवेअरचं काम आलं. पर्यावरण आणि समाजाबाबत आपण काय करतो, हे सांगणारा हा अहवाल. सेबीने तो २०२२-२३ पासून बाजारमूल्यात वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा केलाय. एका तक्त्यात लिहायचं: संचालक किती, त्यात बायका किती, टक्के किती. बऱ्याच पानांनंतर दुसऱ्या तक्त्यात: पाणी किती वापरलं, सांडपाणी कुठे गेलं. मी विचारलं, “या दोन तक्त्यांचा एकमेकांशी काही संबंध?” सीनियर हसला. “रकाने भरले की झालं.”

माझं भांडण या ‘झालं’शी आहे.

मी धर्माबादची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार आमच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. ऐन पावसाळ्यात गोदावरी डोळ्यांदेखत तेलंगणात निघून जाते. पाण्याचं काय करायचं ते टेबलावर ठरतं, म्हणून टेबलाशी कोण बसलंय ते बघायचं, हे मला शाळेतच कळलं.

२०१३ च्याच कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीत किमान एक महिला संचालक सक्तीची केली. काही घराण्यांनी घरातलीच बाई नेमून मोकळं केलं. सरपंच ती, कारभार त्याचा, हे आपण गावागावात बघितलंय. तिथे आपण हसतो, इथे त्याला ‘गव्हर्नन्स’ म्हणतो. सहकारी साखर कारखान्यातही तेच गणित: संचालक जास्तीत जास्त २१, बायकांसाठी राखीव जागा दोन.

आता कुणी म्हणेल, बायका मुळातच निसर्गप्रेमी, त्या आल्या की पर्यावरण सुधारेल. हे ८ मार्चचं भेटकार्ड झालं. बाई आहे म्हणून कुणाला झाडं जास्त आवडत नाहीत. मुद्दा असा की सगळे एकाच वर्तुळातले असले की अडचणीचा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि पर्यावरणातला नवा प्रयोग म्हणजे अडचणीचाच प्रश्न: पैसे आज जाणार, फायदा कित्येक वर्षांनी दिसणार.

पुण्याच्या थरमॅक्सचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये पतीच्या निधनानंतर अनू आगा अध्यक्ष झाल्या. म्हणजे त्याही घरातल्याच की! हो. पण त्यांच्या खुर्चीला अधिकार होता आणि त्यांनी तो वापरला. कंपनी तोट्यात गेल्यावर त्यांनी संचालक मंडळच बदललं, बाहेरचे स्वतंत्र संचालक आणले, कुटुंबाला रोजच्या कारभारातून बाजूला केलं. २००४ पासून मेहेर पदमजी अध्यक्ष आहेत. ही कंपनी वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे चिलर बनवते, डिस्टिलरीचा स्पेंटवॉश जाळून वाफ करणारे बॉयलर बनवते. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना दहाएक लिटर स्पेंटवॉश निघतो. तो ओढ्यात गेला की काय होतं, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. हे बॉयलर बाईमुळे झाले असं मी म्हणत नाही, ते इंजिनियरांनी केले. पण अशा कामावर पैसा लावायचा की नाही, हे वरच्या टेबलावरच ठरतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एक नको, किमान तीन हव्यात. एकटीकडे सगळे ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून बघतात. तिघी झाल्या की त्या नुसत्या संचालक होतात. आणि सांडपाण्याच्या, ऊर्जेच्या खर्चावर त्यांची सही हवी, नुसती मीटिंगमधली हजेरी नको.

तोवर आपण काय करायचं? तुमच्या डिमॅटमध्ये एखाद्या कंपनीचा एक जरी शेअर असला, तरी तिचा अहवाल मोबाइलवर उघडा, दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि एजीएममध्ये विचारा. काही होत नाही म्हणू नका. शेअर कोसळला तेव्हा अनू आगांना हलवलं ते एका भागधारकाच्या पत्राने.