गोळीनंतरचा एक तास

गलगंड हा शब्द आपल्या भागात कुठल्याही घरात सांगा, भाषांतर करावं लागत नाही. मराठीत गलगंड, कन्नडमध्ये गळगंड. सुश्रुतसंहितेतही हा आजार याच नावाने आला आहे. त्यामुळे लहान मुलीच्या गळ्याला जरा सूज दिसली की मराठी आजी आणि कन्नड अज्जी दोघी एकाच सल्ल्यावर येतात, घरातलं मीठ बदला.

त्यांच्या काळात हा सल्ला खराच होता. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आयोडीन कमी पडल्यामुळे गावंच्या गावं गलगंडाने त्रासलेली होती. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात पाहणी सुरू केली. आयोडीनयुक्त मीठ दिलं तिथे गलगंडाचं प्रमाण उतरत गेलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावर १९९७ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. लोणच्याला खडे मीठच लागतं म्हणून तेव्हा किती घरांत कुरकुर झाली, ते वाचकांतल्या पुष्कळजणींना आठवत असेल.

पण मीठ सुधारलं तरी सगळ्या मुलांचे गळे सुधारले नाहीत. दिल्लीच्या इन्मास या संस्थेतल्या डॉ. आर. के. मारवाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या काळात शाळकरी मुलांच्या पाहण्या केल्या. आयोडीन पुरेसं असूनही काही मुलांना गलगंड होता, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत कारण निराळंच निघालं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटली होती. यालाच ऑटोइम्यून म्हणतात. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जनने चार बायकांच्या ग्रंथी तपासून या आजाराचं वर्णन जर्मन मासिकात छापलं. पुढे तो आपल्या गावाकडे परतला, तिथेच डॉक्टरकी केली आणि १९३४ मध्ये विषमज्वराने गेला. त्याने पाहिलेलं नेमकं काय होतं, ते १९५६ साली कळलं, रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली तेव्हा. आता जगभर या आजाराला त्याचंच नाव आहे.

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर भाचीमुळे आली. माझी धाकटी बहीण बऱ्हाणपुरात दिलेली. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ, तिथून पुढे तासाभराचा रस्ता. गाव मध्य प्रदेशात, घर मराठी, शाळा हिंदी. दोन भाषांत वाढणारी पोरं आपल्यासारखीच. (मांडेही दोन्हीकडे आहेत. आपल्या बेळगावचे कुरकुरीत घडीचे, त्यांचे रुमालासारखे मऊ. कुठले चांगले यावर बहिणीच्या सासरी मी बोलत नाही.)

भाची तेव्हा सात वर्षांची होती. आधीच्या दिवाळीचा फ्रॉक तिला पुढच्या दिवाळीलाही तंतोतंत बसला. सासूबाईंना आनंद, कपडा पुरवून वापरला म्हणून. माझ्या बहिणीला मात्र ते खटकलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा केलेल्या होत्या. वर्षभरात जेमतेम दोन सेंटिमीटर. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. शाळेतून चिठ्ठी आली होती की मुलगी वर्गात पेंगते, लिहायला वेळ लावते. पोट साफ होत नव्हतं, उन्हाळ्यातही ती पंख्याखालून उठून जायची. प्रत्येक गोष्टीला घरात वेगळं कारण तयार होतं. आळशी आहे, हट्टी आहे, बापाच्या वळणावर बुटकी आहे. एका डॉक्टरांनी भुकेचं टॉनिक दिलं. शेवटी इंदूरला रक्त तपासलं. टीएसएच खूप वाढलेलं, थायरॉक्सिन कमी, अँटी-टीपीओ प्रतिद्रव्यं भरपूर. एकाच कागदावर सगळ्या कारणांचा निकाल लागला.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण औषध अगदी साधं आहे. शरीरात कमी पडणारं थायरॉक्सिनच गोळीतून द्यायचं. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, मुलाच्या वजनाप्रमाणे. रोज एकदा, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. लहान मुलाला चमच्याभर पाण्यात चुरून दिली तरी चालते. त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही. दूध तर नाहीच, कारण कॅल्शियम आणि लोह हे औषध आतड्यात अडवून धरतात. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांत तर चार तासांचं अंतर हवं.

ज्या घरात सकाळी उठल्याउठल्या पोराच्या हातात दुधाचा पेला येतो, तिथे हा एक तास म्हणजे रोजचं भांडण. बहिणीकडे महिनाभर तेच चाललं होतं. आजीला नात उपाशी बघवेना. दूध पाठोपाठ जायचं आणि गोळी फुकट. तोडगा काढला आजोबांनी. ते रोज पहाटे तापीवर राजघाटाला जातात. त्यांनी नातीला बरोबर न्यायला सुरुवात केली. चप्पल घालायच्या आधी गोळी, मग घाट. पात्रातला दगडी हत्ती आज किती बुडालाय ते पाहायचं, आजोबांचं स्नान होईपर्यंत पायऱ्यांवर बसायचं, परत यायचं. तास झालेला असतो. मग दूध. पावसाळ्यात घाटावर जाता येत नाही, तेव्हा आजोबा तिला पाढे म्हणायला लावतात. त्या दिवसांत ती जरा नाराज असते.

आपल्याकडे घाट नसेल, पण प्रत्येक घरात असा एक तास सापडतो. अंगणात सडा-रांगोळी, परडीभर फुलं आणणं, आंघोळ आणि वेणी. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत दूध मिळतं. पहाटे गोळी झाली असेल तर ते दूध घ्यायला हरकत नाही. आठवड्याची लोहाची गोळी शाळेत जेवणानंतर देतात, तिचंही अंतर आपोआप राहतं. वर्गशिक्षिकेला मात्र एकदा सांगून ठेवावं.

दोन भाषांच्या घरात एक गंमत होते, ती माझ्या शेजारणीकडे पाहिली. तिच्या मुलाचंही हेच औषध चालू आहे. एक आजी विचारते, "गोळी घेतलीस का रे?" दुसरी विचारते, "गुळिगी तोगोंडी?" पोरगं कंटाळून दोघींना नाही म्हणतं. एखाद्या दिवशी गोळी दोनदा गेली तर बहुधा काही बिघडत नाही, डॉक्टरांना फोन करून विचारावं. पण रोज तसं नको. आता त्या घरी कालनिर्णयावर खूण करतात, आणि ती खूण मुलगा स्वतः करतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोळी बंद करण्याने. थायरॉक्सिन रक्तात हळूहळू उतरतं, निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळी थांबवल्यावर दोन-तीन आठवडे मूल छान दिसतं. घरातली माणसं म्हणतात, बघा, उगाच रसायनं देत होतो. बहिणीकडे एका उन्हाळ्यात असंच झालं. कुणा पाहुण्याने काढा सुचवला, मुलगी हसतीखेळती दिसली, आणि काढ्याला श्रेय मिळालं. दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा वर. काढा घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, पण गोळीच्या जागी तो नको. समुद्रशेवाळाच्या आयोडीनवाल्या गोळ्या तर मुळीच नकोत. या आजारात जादा आयोडीन अपायच करतं. नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ आपलं चालू ठेवावं. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ला म्हणून काही होत नाही.

मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात, पुढे वाढीच्या वयात चार ते सहा महिन्यांनी. प्रतिद्रव्यं पुन:पुन्हा तपासून पैसे घालवायची गरज नसते. ती सापडली म्हणून प्रत्येक मुलाला गोळी लागतेच असंही नाही. टीएसएच ठीक असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. काही मुलांची ग्रंथी पुढे सुधारते, पुष्कळांना औषध जन्मभर लागतं. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. आपल्या घरात कुणाला थायरॉईड असेल, किंवा मुलाला लहानपणीचा मधुमेह असेल, तर उंचीवर डोळा ठेवलेला बरा.

मुलीला सांगायचं की नाही, यावर बहिणीच्या घरी दोन तट पडले. सासूबाईंचं म्हणणं, "बोभाटा नको, उद्या लग्नाचं बघावं लागेल." उद्या म्हणजे अजून पंधरा-सोळा वर्षं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुमच्या सुनेलाच बाळंतपणानंतर थायरॉईड निघाला, ती गोळी घेतेच की." त्या गप्प बसल्या, पण पटलं असं वाटलं नाही. खरं म्हणजे लपवलेलं मुलाला कळतंच. भाचीने दाराआडून ऐकलं होतं आणि आपण गुपचूप चिंचा खाल्ल्या म्हणून गळा सुजला असं मनाशी धरून बसली होती. हे कळायला आम्हाला चार महिने लागले.

मग मी तिला सांगितलं. अंगात एक रखवालदार असतो, तो तापाच्या, खोकल्याच्या जंतूंना मारतो. तुझ्या रखवालदाराची ओळखण्यात गफलत झाली, तो गळ्यातल्या घरच्याच माणसाला चोर समजून मारतोय. ते माणूस जे काम करायचं, ते आता गोळी करते. चिंचांचा काही संबंध नाही.

तिने विचारलं, "मावशी, मग त्या रखवालदाराला काढून का टाकत नाही?"

म्हटलं, "त्याला काढलं तर तापाच्या जंतूंना कोण अडवणार? त्याला ठेवायचं, आणि आपण गोळी घ्यायची."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजीला पण सांग, तिला वाटतं माझ्यावर कुणाची नजर पडलीय." आजी शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या संध्याकाळची मीठ-मिरची ओवाळायची राहिली.

भाची आता दहा वर्षांची आहे. पहिल्या वर्षी उंची भराभर वाढली, आता चौकटीवरच्या खुणा नेहमीच्या अंतराने पडतात. पुढची तपासणी गणपतीनंतर आहे. वजन वाढलंय, त्यामुळे या खेपेला मात्रा वाढेल असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.