पुष्पगुच्छ नको, नदीत वाटा द्या

पुणेकराला मुठा नदी वर्षातून एकदाच आठवते, भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची बातमी येते, मग डेक्कनला गर्दी होते, मग रील्स. पाणी ओसरलं की नदी पुन्हा गायब. उरलेलं वर्षभर ती 'नदीपात्रातला रस्ता' असते, पार्किंग असते, नाहीतर पुलावरून जाताना खिडकीची काच वर करायचं कारण असते.

या उरलेल्या वर्षातही काही माणसं नदीवर जातात. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठावर, औंधच्या बाजूला राम-मुळा संगमावर, कुठे कुठे ओढ्यांवर. 'जीवितनदी'सारख्या संस्थांनी नदीचा एकेक काठ दत्तक घेण्याची कल्पना रुजवली. कुठलीही संस्था नसलेले छोटे गटही आहेत. रविवारी सकाळी सात वाजता पाच ते पंधरा जण जमतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, आयटीतली पोरं, आईसोबत आलेली सहावीतली मुलगी. गेली काही वर्षं मीही त्यांच्यातली एक आहे. आणि हा लेख मी वैतागून लिहिते आहे.

वैताग घाणीचा नाही, तिची सवय होते. वैताग कौतुकाचा आहे.

जागतिक जलदिन आला की आम्हाला बोलावणं येतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ (प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, हे सांगायला नकोच). भाषणात आम्हाला 'नदीचे खरे सुपुत्र' म्हणतात. मग त्याच नदीचं पात्र किती रुंद ठेवायचं, काठावरची कुठली झाडं तोडायची, भिंत कुठे घालायची हे ठरवायच्या बैठकीत आमच्यापैकी कोणी प्रश्न विचारला, की सूर बदलतो. 'तुम्ही साफसफाई छान करता, पण हा तांत्रिक विषय आहे.' हे वाक्य मी स्वतः एका कार्यालयात खुर्चीवर बसून ऐकलं आहे. म्हणजे नदीतली चिंधी काढायला आम्ही चालतो, नदीबद्दल बोलायला चालत नाही. कौतुक हा आपल्याकडे माणसाला गप्प बसवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नदीवर काम करणारी माणसं म्हणजे फुकटचे सफाई कामगार नव्हेत. त्यांच्याकडे या नदीची अशी माहिती आहे, जी दुसऱ्या कुणाकडे नाही. ती माहिती निर्णयात धरली नाही तर शहराचं नुकसान होतं, आणि ते नुकसान कधीकधी घरात कमरेइतक्या पाण्याच्या रूपानं येतं.

साफसफाई ही फक्त सुरुवात असते

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही मंडळी प्लास्टिक गोळा करतात. करतातच. जुन्या साड्या, गाद्या, देवांच्या फुटक्या तसबिरी, औषधांच्या बाटल्या असं काय काय निघतं. पण दहा रविवार एकाच शंभर मीटरच्या काठावर घालवलेत की तुम्हाला वेगळंच दिसायला लागतं. कुठल्या पाइपातून किती वाजता फेस येतो, ते कळतं. उन्हाळ्यातही कुठल्या खडकाच्या फटीतून स्वच्छ पाणी झिरपतं, ते कळतं. वाळुंज कुठे आपोआप उगवतो आणि लावलेलं गुलमोहराचं रोप पहिल्याच पुरात कसं वाहून जातं, ते कळतं. शेकाट्यांचे थवे दिसले म्हणून खूश व्हायचं नसतं, कारण हा पक्षी घाण पाण्यातही मजेत राहतो, आणि खंड्याला मात्र मासा दिसेल इतकं तरी पाणी नितळ लागतं, हेही कळतं.

पुण्यात ही परंपरा जुनी आहे. प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली. मुळा-मुठेच्या काठी चालत, पक्षी मोजत, नदीचं बिघडणं त्यांनी नोंदवलं. आज नदीफेऱ्या काढणारी, शाळकरी मुलांना काठावर आणणारी बरीच मंडळी त्याच वाटेनं आलेली आहेत. भूजलाबाबत 'अ‍ॅक्वाडॅम'सारखी पुण्यातली संस्था आणि नागरिक यांनी मिळून शहरातले झरे समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. बावधनचा झरा वाचवण्यासाठी तिथले रहिवासी धडपडले, ते उगाच नाही. मुठेच्या वरच्या अंगाला चार धरणं आहेत: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. पावसाळा सोडला तर धरणातून शहरातल्या पात्रात जवळजवळ काहीच येत नाही. नदीचं स्वतःचं म्हणावं असं जे पाणी उरतं, ते या झऱ्यांचं आणि काठातून झिरपणाऱ्या भूजलाचं. बाकी सगळं आपल्या बाथरूममधून येतं.

आता या नदीच्या काठावर काँक्रीटची भिंत घातली तर त्या झिरपण्याचं काय होईल? हा प्रश्न पर्यावरणवाद्यांचा रडका प्रश्न नाही. तो प्लंबिंगचा प्रश्न आहे.

पैसा कुठे, पाणी कुठे

पुणे महापालिकेचा मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्प सुमारे 44 किलोमीटरचा आहे. खर्चाचा अंदाज 4,700 कोटींच्या घरातला. आराखडा साबरमती रिव्हरफ्रंट करणाऱ्या अहमदाबादच्याच कंपनीचा. दुसरीकडे नदीत जाणारं मैलापाणी अडवून शुद्ध करायचा 'जायका' प्रकल्प आहे: 11 केंद्रं, दिवसाला 39 कोटी 60 लाख लिटर क्षमता, 2016 साली सुमारे 990 कोटींना मंजूर. मंजुरीनंतर कितीतरी वर्षं तो कागदावरच घुटमळला.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पाणी शुद्ध करायला जेवढे पैसे, त्याच्या चौपटीहून जास्त काठ सजवायला. घरात सांडपाण्याचा पाइप फुटलेला असताना आधी सोफ्याचं कापड बदलणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू?

आणि 'साबरमती बघा' असं सांगणाऱ्यांनी ती पूर्ण बघावी. अहमदाबादमध्ये जे पाणी भरलेलं दिसतं, ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. त्या सुंदर पट्ट्याच्या खाली नदीची अवस्था इतकी वाईट होती की 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं साबरमतीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. मुठेसाठी कुठली नर्मदा आणणार? आणि आणली तरी, ती नदी सुधारली असं म्हणायचं का?

प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशात 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले 53 महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर उतरला आणि महाराष्ट्राचा 55 वर चढला. तुमचं गाव नाशिक असो, कोल्हापूर असो की नांदेड, तुमच्या नदीवरही आज ना उद्या असा एक 'सुशोभीकरणा'चा फलक लागणार आहे. तेव्हा हा लेख पुण्याचा म्हणून स्क्रोल करू नका.

पूर आला तेव्हा कोण बरोबर होतं?

25 जुलै 2024. सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी पाण्याखाली गेली. लोक पहाटे उठले तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडालेल्या होत्या. खडकवासल्यातून तेव्हा सोडलेलं पाणी सुमारे 35 हजार क्युसेक होतं. मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेक धरून आखलेली आहे आणि लाल रेषा 1 लाख. म्हणजे कागदावर ज्या पाण्याची तयारी हवी, त्याच्या साधारण निम्म्या पाण्यात माणसांचे संसार भिजले.

का? घरं पूररेषेच्या आत बांधू दिली म्हणून. वर्षानुवर्षं पात्रात राडारोडा टाकून नदी अरुंद केली म्हणून. हा राडारोडा रात्री डंपरनं येतो, हे कुणी पाहिलं होतं? रोज काठावर जाणाऱ्यांनीच. फोटो कुणी काढले, तक्रारी कुणी केल्या? त्यांनीच. तक्रारीला मोबाइलवर 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज येतो आणि ढीग जिथल्या तिथे असतो, हा अनुभव आमच्या गटात प्रत्येकाचा आहे.

प्रकल्पवाले म्हणतात, आमच्या आराखड्यामुळे पुराचा धोका कमीच होईल. होत असेल तर चांगलंच आहे. मग हिशेब लोकांना कळेल अशा भाषेत लोकांसमोर मांडा, आणि स्वतंत्र तज्ज्ञांना तपासू द्या. नदीची रुंदी कमी करून पूर कमी होतो, हे पटवायची जबाबदारी रुंदी कमी करणाऱ्याची आहे. प्रश्न विचारणाऱ्याला 'विकासविरोधी' म्हटलं की उत्तर दिल्यासारखं होत नाही.

लोकशाहीचाही एक तपशील लक्षात ठेवा. या प्रकल्पाचं भूमिपूजन 6 मार्च 2022 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा वॉर्डात जाऊन जाब विचारावा असा माणूसच नव्हता. म्हणून एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर झाडांना मिठी मारायला रस्त्यावर आले. त्यात तुमच्या वयाची मुलं सगळ्यात जास्त होती. त्यांना 'इव्हेंटवाले' म्हणून हिणवणाऱ्यांनी सांगावं, दुसरा कुठला दरवाजा उघडा होता?

'तुम्ही मूठभर, तुम्ही मध्यमवर्गीय'

हा आमच्यावरचा नेहमीचा आरोप. मूठभर आहोत, खरं आहे. मध्यमवर्गीय आहोत, हेही बऱ्याच अंशी खरं आहे. या आरोपात एक गंभीर मुद्दा आहे आणि तो टाळता कामा नये. नदीकाठी सगळ्यात जास्त राहतो तो गरीब माणूस. तिथे कपडे धुणारे आहेत, उरलेसुरले मासे धरणारे आहेत, जनावरं चारणारे आहेत. पूर आला की सामान डोक्यावर घेऊन शाळेत जाणाऱ्या वस्त्या आहेत. नदी 'स्वच्छ' करायची म्हणून पहिला बुलडोझर त्यांच्यावर चालतो. आंबिल ओढ्याकाठची घरं जून 2021 मध्ये ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पाडली, ते या शहरानं पाहिलं आहे. ओढ्यात गेलेले बंगले आणि सोसायट्यांच्या भिंती मात्र जागच्या जागी.

म्हणून मी 'वाटा' हा शब्द वापरते. नदी वाचवायची म्हणजे तिच्याभोवती कुंपण घालून आत जॉगिंग ट्रॅक करायचा नाही. नदी वाटून घ्यायची आहे. पाण्याचा वाटा नदीला, पसरायला जागेचा वाटा पुराला, काठाचा वाटा झाडांना आणि पाखरांना, आणि निर्णयाचा वाटा तिथे राहणाऱ्या, राबणाऱ्या, फिरणाऱ्या सगळ्यांना. जो नदीप्रेमी वस्तीतल्या बाईशी न बोलता नदीबद्दल बोलतो, त्याच्याशीही माझं भांडण आहे.

'लोकांना बसायला, फिरायला जागा नको का?' असंही विचारतात. हवीच. पण त्यासाठी मातीची पायवाट पुरते, सावलीला करंज-उंबर पुरतात, आणि वास न येणारं पाणी लागतं. काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसून मैल्याचा वास घ्यायला कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

मग हवं काय?

आमच्या मागण्या डोंगराएवढ्या नाहीत. पहिली: मैलापाणी नदीत जायचं थांबेपर्यंत सुशोभीकरणावर नवा रुपया खर्च करू नका. दुसरी: पूररेषा नकाशात लपवू नका. निळी आणि लाल रेषा रस्त्यावर, विजेच्या खांबांवर, सोसायटीच्या गेटवर रंगवा. फ्लॅट घेणाऱ्याला ती ब्रोकरच्या बोलण्याआधी दिसली पाहिजे. तिसरी: प्रत्येक पुलावर पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला लावा. चौथी: नदीच्या प्रत्येक पट्ट्यासाठी एक समिती करा. तिच्यात अभियंता असेल, वस्तीतली बाई असेल, मासे धरणारा असेल आणि काठावर काम करणारे गटही असतील. आणि या समितीच्या नोंदींना लेखी उत्तर देणं बंधनकारक करा. लोकांना कारभारात जागा द्यायची म्हणून 1992 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती झाली. हे नवं काही मागणं नाही, तीन दशकांपूर्वी कबूल केलेलंच आहे.

आणि तुम्ही? शहराच्या नदीवर एखादी स्टोरी टाकून मोकळं होऊ नका. तुमच्या घरातलं सांडपाणी कुठल्या ओढ्यातून कुठे जातं, ते शोधून काढा. नदीकाठच्या एखाद्या गटासोबत चार रविवार जा. पाचव्या रविवारी तुमच्या मनात प्रश्न तयार होतील. ते माहितीच्या अधिकारात लेखी विचारा, आणि वॉर्ड ऑफिसात नगरसेवकासमोर तोंडीही विचारा. कचऱ्याच्या पिशवीसोबत हसऱ्या चेहऱ्याचा फोटो सगळ्यांनाच आवडतो. पिशवी खाली ठेवून प्रश्न विचारणारा माणूस फारसा कुणाला आवडत नाही. नदीला मात्र आत्ता त्याचीच गरज आहे.