लेखन शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना

गेल्या दिवाळीत दादरच्या एका साहित्यिक समारंभात एका ज्येष्ठ वक्त्यांनी ठणकावून सांगितले, ‘लेखक जन्मावा लागतो, विद्यापीठात तो घडवता येत नाही.’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तेहतीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवल्यानंतर हे वाक्य मला विनयाचे वाटेनासे झाले आहे. ज्याला शिकवण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत, त्याच्या ते फार सोयीचे आहे.

१८५७ या एकाच वर्षी मुंबईत विद्यापीठही स्थापन झाले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टही. चित्रकार जन्मावा लागतो, म्हणून जे. जे.चे वर्ग कोणी बंद केले नाहीत. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या परिसरात प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये संगीतशाळा काढली. कुमार गंधर्वांइतका जन्मजात कलावंत दुसरा कोणता दाखवायचा? तरीही हा बालगायक कोवळ्या वयात देवधर मास्तरांकडे आला आणि अनेक वर्षे शिकत राहिला. स्वराला गुरू लागतो, रेषेला लागतो. शब्द तेवढा आभाळातून पडतो, असे आपण धरून चाललो आहोत.

वास्तविक मराठी लेखकांनाही शिकवले गेलेच. त्या शाळेला पाटी नव्हती, इतकेच. गिरगावातील खटाववाडीत ‘मौज’च्या कार्यालयात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथेवर तासन्‌तास बसत, लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत, पुनर्लेखन करवून घेत. कथा कोठे सैल पडली, कोणते पात्र लेखकाच्या तोंडचे बोलू लागले, हे सांगणारा वाचक नवोदिताला तेथे मिळे. सर्जनशील लेखनाचा वर्ग म्हणजे याहून वेगळे काय? पण त्या वर्गाचा प्रवेश संपादकांच्या अभिरुचीवर अवलंबून होता आणि ती अभिरुची कितीही सूक्ष्म असली तरी तिला सीमा होत्या. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली ती उगाच नव्हे. दार आपल्यासाठी नाही, ही भावना त्या ज्वाळेमागे होती.

‘मग नारायण सुर्वे कोणत्या विद्यापीठात गेले?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. परळच्या गिरणीकामगाराने उचलून वाढवलेले हे मूल. पुढे शाळेत शिपाई, मग शिक्षक. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ हेच नाव दिले. परंतु सुर्वे एकटे घडले, असे म्हणणे हा गिरणगावावर अन्याय आहे. युनियनच्या सभा, शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची कलापथके, कामगार रंगभूमी, रात्रशाळा यांनी लालबाग-परळमध्ये श्रोता आणि टीकाकार दोन्ही पुरवले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या जगाचा कणा मोडला. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ही बंद पडली. एकाच वर्षात मुंबईच्या दोन शाळा मिटल्या. त्यांच्या जागी आपण काय उभे केले? तीन दिवसांच्या कार्यशाळा आणि प्रमाणपत्रे!

मला हवा आहे तो मराठी सर्जनशील लेखनाचा दोन वर्षांचा पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम. प्रवेश गुणांच्या टक्क्यांवर नव्हे, लिहिलेल्या वीस पानांवर द्यावा. वर्गात दहा-बाराच विद्यार्थी असावेत. वर्ग संध्याकाळी भरावा, कलिन्यापेक्षा दादर-परळला भरला तर अधिक बरे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही येता येईल. शेवटी प्रबंध नको. शंभर पानांचे हस्तलिखित हवे. गुण कसे द्यायचे? जे. जे.त देतात तसे. विभागप्रमुख मात्र नियमावलीशी भांडण्याची ताकद असलेला आणि दुसऱ्याच्या खर्ड्यावर स्वतःची वेळ खर्च करणारा असावा. नुसता मोठा लेखक आणून बसवला, तर तो आपल्याच प्रतिकृती काढील. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये असा वर्ग सुरू केला. तेथल्या कथा एकाच साच्याच्या निघतात, ही तक्रार जुनी आहे आणि ती पूर्णपणे खोटी नाही. पण फ्लॅनरी ओकॉनर ही निष्ठावंत कॅथॉलिक लेखिका १९४७ मध्ये त्याच वर्गातून पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्या कथा कोणत्या साच्यात बसतात, ते मला कोणी दाखवावे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी तरी ‘जन्मावा लागतो’ या वाक्याला टाळी देऊ नये. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मले होते. ते गोव्यात आले तेव्हा तिशीच्या घरात होते. भाषा आणि ओवी दोन्ही त्यांनी शिकून मिळवली.

आणि न शिकवल्याने काय जाते, हेही मी पाहिले आहे. माझ्या वर्गात परळची एक ईस्ट इंडियन मुलगी होती. तिने आजीच्या आठवणीतील उंबराच्या पाण्यावर एक कथा लिहून आणली. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जाणाऱ्या बायका, त्यांचे टोमणे, त्यांची गाणी, सारे आजीच्याच बोलीत होते. मी प्रामाणिकपणे, रात्री जागून, ती कथा तपासली. प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘प्रमाणभाषेत पुन्हा लिहावे.’ तिने पुन्हा लिहिले. व्याकरण निर्दोष झाले आणि बायका मुक्या झाल्या. त्यानंतर तिने काही दाखवले नाही. मला मराठी शिकवता येत होते. लेखन कसे शिकवायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर ती चर्चच्या आवारात भेटली. बँकेतून निवृत्तीला आली आहे. मी त्या पहिल्या खर्ड्याबद्दल विचारले. चाळ पाडायला घेतली तेव्हा सामानाबरोबरच्या रद्दीत तो गेला, असे तिने हसून सांगितले.