डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाची अमानत

तोळ्या-माशाने विकला जाणारा माल आपल्या व्यापारी बांधवांना नवा नाही. अत्तर, केशर, सोने-चांदी यांच्या बाजारात वजन थोडे आणि जबाबदारी मोठी असते, हे आपण जाणतो. परंतु मासाही ज्याला फार जास्त होतो असा एक माल आज जगाच्या बाजारात आहे. त्याचे वजन मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात होते. पन्नास मायक्रोग्रॅमच्या कुपीला हजारो रुपये पडतात. किरकोळ भावाने ग्रॅमचा हिशेब मांडला तर सोने कुठल्या कुठे मागे राहते. आणि गंमत अशी की, कुपी हातात घेतली तर ती रिकामीच वाटते.

हा माल म्हणजे मूलपेशींच्या संशोधनाला लागणारे वृद्धिघटक प्रथिन. त्यातले एक महत्त्वाचे प्रथिन एफजीएफ-२ या नावाने ओळखले जाते. मूलपेशी ही कारखान्यातल्या होतकरू शागिर्दासारखी असते. तिच्यातून हृदयाची, मेंदूची, रक्ताची अशी कोणतीही पेशी घडू शकते. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून अशा पेशी मिळवून प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांना मूळ अवस्थेत ठेवायचे, पण संख्येने वाढवायचे, तर त्यांच्या द्रवात एफजीएफ-२ लागतो. तो कमी पडला की पेशी भलत्याच दिशेला जातात आणि संशोधकाची मेहनत फुकट जाते. २०११ साली थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने केवळ आठ घटकांचे पोषक द्रव तयार केले. त्यात एक लिटरला फक्त १०० मायक्रोग्रॅम एफजीएफ-२ पडतो, पण अशा द्रवाच्या खर्चात मोठा वाटा वृद्धिघटकांचाच असतो.

हा घटक पूर्वी कोठून येत होता? कत्तलखान्यातून. १९७०च्या दशकात तो गाई-बैलांच्या मेंदूतून आणि पीयूषिका ग्रंथीतून काढत. ढीगभर ग्रंथींतून चिमूटभरही माल निघत नसे. पुढे शास्त्रज्ञांनी मानवी जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत बसवले. आता टाकीत जिवाणू वाढवायचे, त्यांच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचे, ते गाळून शुद्ध करायचे आणि गोठवून सुकवायचे. यालाच पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. डुकराच्या आणि गाई-बैलांच्या स्वादुपिंडातून निघणाऱ्या इन्शुलिनला १९८२ साली याच मार्गाने पर्याय मिळाला.

आपल्या मुलांपैकी पुष्कळ जण आज जैवतंत्रज्ञानाची पदवी घेतात आणि नोकरीच्या शोधात फिरतात. दुसरीकडे औषधे, मासळी, मांस यांच्या धंद्यामुळे थंड साठवणूक आणि वेळेवर पोचवणे यांचा अनुभव आपल्या घरांत आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, परळची प्रजनन व बाल आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था अशा प्रयोगशाळा आपल्याच राज्यात आहेत. तेव्हा प्रयोगशाळांना माल पुरवण्याच्या या तिजारतीत आपण का उतरू नये? जरूर उतरावे, असे आमचे मत आहे. मात्र हा माल नफ्याआधी अमानत आहे, हे ज्याला पटेल त्यानेच उतरावे.

कारण काय, तर केशरातली भेसळ जाणकार वासाने ओळखतो. येथे बिघडलेला माल आणि चांगला माल दिसायला अगदी सारखा. एफजीएफ-२ नाजूक आहे. द्रवात मिसळून ३७ अंशांवर ठेवला की काही तासांतच त्याचा जोर निम्मा होतो. २०१८ साली झेक देशातल्या संशोधकांनी त्याच्या रचनेत नऊ बदल करून वीस दिवसांहून जास्त टिकणारा प्रकार जाहीर केला. पण जुना प्रकारही बाजारात आहेच. गोदामातला फ्रीज रात्रभर बंद पडला आणि सकाळी कोणी बोलले नाही, तर ग्राहकाला ते महिन्याने कळेल, तेही पेशी वाया गेल्यावर. त्याने दोष कोणाला द्यावा? अशा वेळी खरे बोलणे हेच या धंद्यातले भांडवल आहे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. प्रत्येक लॉटबरोबर शुद्धतेचा, जिवाणूंच्या विषारी अंशाचा आणि पेशींवरील परिणामाचा दाखला येतो. तो वाचता आला पाहिजे. काही कुप्यांत प्रथिन टिकावे म्हणून गाई-बैलांच्या रक्तातले अल्ब्युमिन मिसळलेले असते, काहींत नसते. ग्राहकाने प्राणिजन्य घटक नसलेला माल मागितला आणि आपण दुसरा दिला, तर नाव तेच असूनही माल वेगळा झाला. मालात काय आहे याची चौकशी करण्याची सवय आपल्याला खाण्यापिण्याच्या बाबतीत आहेच. तीच सवय येथे कामाला लावावी.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. या कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असे छापलेले असते. ती शोभेची ओळ नाही. वृद्धिघटकापासून औषध होऊ शकते. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमेसाठी असेच एक औषध अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाले. पण ते रुग्णांवरील चाचण्या पार करून मंजूर झालेले औषध होते. संशोधनाची कुपी दवाखान्याला किंवा ब्युटी पार्लरला विकणे म्हणजे कातड्याचा रंग मिठाईत घालण्यासाठी विकण्यासारखे आहे. मूलपेशींच्या नावाने हताश आई-बापांकडून लाखो रुपये उकळणारे लोक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या ठरावीक आजारांतले मान्य उपचार सोडून मूलपेशींचा इतर वापर मंजूर चाचणीच्या चौकटीतच करावा, असे स्पष्ट केले होते. अशा लोकांना माल पुरवणारा दलाल स्वतःला निर्दोष म्हणू शकत नाही. रोख पैसे देणारे ग्राहक तेच असतील, तरीही नाही.

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी आधी एखाद्या प्रयोगशाळेत किंवा अनुभवी पुरवठादाराकडे वर्ष-दोन वर्षे काम शिकावे. व्यापाऱ्यांनी अशा शिकलेल्या मुलाला पगारी नोकर न मानता भागीदार करावे. थोडा माल आणावा, तापमानाची नोंद रोज ठेवावी, बिघडलेली कुपी नुकसान सोसून फेकून द्यावी, आणि विचारणाऱ्याचा हेतू कळल्याशिवाय माल हातावेगळा करू नये. ज्या मालाची पारख ग्राहकालाही डोळ्यांनी करता येत नाही, तेथे तो व्यापाऱ्याच्या शब्दावरच विसंबतो. तो शब्द खरा राहिला, तर हा धंदा आपल्या पुढच्या पिढीला इज्जतीची रोजी देईल.